सियाचे डोहाळे आणि वैजयंतीबाईंचा चिमटा

वैजयंतीबाई आपट्यांनी आयुष्यात कधी मांसाला हात लावला नव्हता. चिमटा मात्र बावीस वर्षं लावला. लेस्टरमधल्या एका प्राथमिक शाळेत त्या डिनर लेडी होत्या, म्हणजे मुलांना दुपारचं जेवण वाढणाऱ्या बाई. सोमवारी सॉसेज, बुधवारी रोस्ट, शुक्रवारी फिश फिंगर्स, आणि काउंटरमागे जाळीची टोपी घालून उभ्या वैजयंतीबाई, उजव्या हातात लांब स्टीलचा चिमटा. ग्लोव्ह्ज असायचेच, पण ग्लोव्ह्जवर बाईंचा विश्वास नव्हता. बोटाला गिळगिळीत लागायचं ते लागायचंच, म्हणायच्या. चिमट्याचं तसं नाही. तो आपला मधे उभा असतो, दोघांनाही लांब ठेवून.

घरी आल्या की आधी अंघोळ, कपडे मशीनमध्ये, आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल. "काम ते काम, घर ते घर," हे त्यांचं ठरलेलं. गेल्या जुलैत रिटायर झाल्या तेव्हा बरोबरच्या बायकांनी वर्गणी काढून त्यांना एक जडशीळ निळं बिडाचं भांडं दिलं, झाकणासकट. बाईंनी थँक्यू म्हणून घेतलं आणि हळूच विचारलं, चिमटा नेऊ का? तो त्यांनी आणला, उकळत्या पाण्यात तीनदा बुडवला आणि गॅरेजमध्ये खिळ्याला टांगला. भांडंही गॅरेजमध्येच गेलं. "त्यांनी प्रेमाने दिलंय हो, पण त्यात काय शिजवायचं या कल्पनेने दिलंय ते दिसतंय ना," असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवरा, म्हणजे विष्णुपंत, सत्तावीस वर्षं सिटी बस चालवून निवृत्त झालेले. बायको बोलत असताना आरशात बघून मान हलवायची बसमधली सवय त्यांनी घरीही चालू ठेवली होती. आरसा नव्हता एवढंच.

फेब्रुवारीत सिया माहेरी आली. सिया ही एकुलती एक लेक. वय चौतीस, बर्मिंगहॅमला रेडिओग्राफर, नवरा अनिश तिथेच बँकेत. याआधी तिला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. या खेपेला चौथा महिना लागला, स्कॅन चांगला निघाला, पण उलट्या काही थांबेनात. गोळ्या झाल्या, आलं झालं, कोरडी बिस्किटं झाली. पोटात काही म्हणजे काही टिकेना. अनिश दिवसभर बाहेर, म्हणून त्याने तिला गाडीत घालून आपल्या सासूकडे आणून सोडलं. गाडीतून उतरली तेव्हा वैजयंतीबाईंना वाटलं, कोट एकटाच चालत येतोय.

सहा किलो वजन उतरलं होतं. मिडवाइफ गोड बोलली, पण स्पष्ट बोलली: पुढच्या गुरुवारी काटा अजून खाली गेलेला दिसला तर ॲडमिट करून ड्रिप लावावी लागेल. यात घाबरण्यासारखं काही नाही, रोजचीच गोष्ट आहे. मिडवाइफला रोजची असेल. सिया घरी येऊन सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली आणि तिच्या त्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आई, मला तो वॉर्डमध्ये नाही जायचं. दोन वेळा गेले आणि दोन वेळा एम्प्टी घरी आले. तिसरा वेळ नाही जायचं मला."

आई उठली आणि मऊ खिचडी टाकायला गेली. तुपाची फोडणी, जिरं, चिमूटभर हिंग. या घरात ताप असो, परीक्षा असो, ब्रेकअप असो, उत्तर तेच असायचं. हिंग तुपात पडला मात्र, सिया तोंडावर हात दाबून बाथरूमकडे पळाली. पाचव्या मिनिटाला आतून आवाज आला, "आई, प्लीज, तुझा किचनचा वास बंद कर!"

लागलं बाईंना. का लागू नये? चाळीस वर्षं ज्या फोडणीवर हे घर उभं केलं, तिचाच पोरीला उमासा यावा! विष्णुपंत म्हणाले, "अगं, हॉर्मोन्स असतात." बाई म्हणाल्या, "मला नका शिकवू, मी पण जन्म दिलाय." आणि खिचडी त्या दोघांनीच खाल्ली, बागेचं दार उघडं टाकून, स्वेटर घालून.

शनिवारी पहाटे सिया अर्धवट झोपेत पुटपुटली, "कार्नितास."

"काय गं? कोण?"

"कार्नितास खायचंय मला. ते कुरकुरीत वालं."

वैजयंतीबाई इतक्या हरखल्या की विचारू नका. तीन आठवड्यांत पोरीने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. "करते की! कसली भाजी असते ती?"

सियाने एक डोळा उघडला. "भाजी नाही, आई. पोर्क. मेक्सिकन."

आता इथे दुसरी एखादी बाई असती तर तिने कपाळाला हात लावून विषय संपवला असता. वैजयंतीबाईंचं तसं होऊ शकत नव्हतं, कारण त्यांच्या लेखी हे खाण्याचं प्रकरण राहिलंच नव्हतं. हे डोहाळे होते. आणि डोहाळे पुरवायचे असतात. नाही पुरवले तर मुलाचे कान फुटतात, असं त्यांची आई सांगायची. तुम्ही हसाल. बाईही हसल्या असत्या, पण सिया पोटात असताना, एका नोव्हेंबरात, त्यांना ओल्या काजूची उसळ खावीशी वाटत होती. लेस्टरमध्ये, नोव्हेंबरात, ओले काजू! विष्णुपंतांनी पाकिटातले खारे काजू पाण्यात भिजवून आणून दिले होते, बिचाऱ्यांनी. ते काही खरं नव्हे. सिया जन्मली, आणि पुढे चार वर्षांची होईतो तिचे कान असे वाहायचे की शेवटी ऑपरेशन करून दोन्ही कानांत त्या बारक्या नळ्या बसवाव्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, इथे पुष्कळ मुलांना बसवतात. बाई मान डोलावून घरी आल्या. कारण त्यांना ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी अनिश बर्मिंगहॅमहून कार्नितासचा डबा घेऊन आला. तिच्या कामाच्या हॉस्पिटलजवळच्या ज्या स्टॉलवर सियाने ते पहिल्यांदा खाल्लं होतं तिथलाच. तासाभराच्या रस्त्यात ते गार झालं होतं आणि वर कच्चा कांदा-कोथिंबीर. सियाने झाकण उघडलं आणि तशीच पळाली. म्हणजे आणून चालणार नाही, हे बाईंनी ओळखलं. गरम पाहिजे, साधं पाहिजे, नुसतं कढईतून काढलेलं पाहिजे. करावंच लागणार.

"कृती काय?" त्यांनी पेन घेऊन विचारलं.

स्टॉलवालीने सियाला कधीतरी सांगितलं होतं. खांद्याचं मांस, चरबीसकट. मोठे तुकडे. लार्डमध्ये, म्हणजे डुकराच्याच तुपात म्हणा, मंद आचेवर तीन तास. संत्र्याची साल. मीठ. आणि शेवटी आच वाढवून कडा कुरकुरीत करायच्या.

"हळद?"

"नाही."

"आलं-लसूण? जिरं तरी?"

"काहीच नाही, आई."

"मग चव कशाने येणार?"

"पोर्कनेच येते."

बाईंनी लिहून घेतलं, पण पटलं नाही.

सोमवारी त्या विष्णुपंतांना घेऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या खाटकाकडे गेल्या. आपल्या लोकांच्या दुकानांनी भरलेल्या बेलग्रेव्ह रोडवरून रोज जाणारी बाई, अर्ध्या गावाला ओळखणारी, उगाच कुणी बघायला नको. खाटिक म्हातारा, गुलाबी गालांचा. लेस्टरात सगळेच सगळ्यांना बदक म्हणतात, तसं त्यानेही म्हटलं, "काय देऊ, माय डक?" बाईंनी कागद वाचून दाखवला. तो खूश झाला. चरबी ठेवतो, म्हणाला, तिच्यातच सगळी मजा. पिशवी बाईंनी हातात घेतली नाही, विष्णुपंतांना धरायला लावली. विष्णुपंतांनी ती फार सहजपणे धरली, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

स्वयंपाक अर्थातच गॅरेजमध्ये. विजेची शेगडी होती, मराठी मंडळाच्या सहलीला नेत ती. निळं भांडं खाली आलं, चिमटा खिळ्यावरून उतरला. तीनेक मैलांवरच्या शाळेतल्या बायकांना हे दिसलं असतं तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. बाईंनी तुकडे चिमट्याने उचलून ताटलीत मांडले. लार्डची वडी भांड्यात टाकली. ती विरघळली, तापली, वर बारीक लाटा दिसू लागल्या.

आणि इथे घात झाला. कढत तुपातेलात आधी काय पडतं, हे वैजयंतीबाईंच्या डोक्याला विचारायची गरजच नव्हती, ते हाताला ठाऊक होतं. मिसळणाचा डबा त्या गॅरेजमध्ये कशाला घेऊन आल्या होत्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. शेगडीवर भांडं म्हटलं की शेजारी डबा, एवढंच. हात गेला, झाकण उघडलं, मोहरी तडतडली, हिंग फुलला. निम्मी चूक हाताची होती हे खरं, पण निम्मी त्या "पटलं नाही"ची होती. चवीपुरती जराशी घातली तर कुणाला कळतंय, असं मनात कुठेतरी होतंच.

सियाची खोली बरोबर गॅरेजच्या वर. सकाळपासून पोरीने मोठ्या हिकमतीने दोन ग्लास पाणी पोटात टिकवलं होतं. ते गेलं. नंतर नुसतं पित्त. मग रडणं. जिन्याच्या पायरीवर बसून बाई ते ऐकत राहिल्या आणि मग त्याही रडल्या, पदर वगैरे नव्हता म्हणून कार्डिगनच्या बाहीने डोळे पुसले. बाहीलाही हिंगाचाच वास होता. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की वास नुसता भांड्यात नाही. तो बाहीत आहे, केसांत आहे, पडद्यांत आहे, भिंतींत आहे. पोर कुठे पळणार होती?

मंगळवारी आपट्यांच्या घरात दिवाळीपूर्वीसुद्धा होत नाही अशी साफसफाई झाली. पडदे उतरले. कार्डिगन धुतलं. बाईंनी दोनदा केस धुतले, शँपूसुद्धा बिनवासाचा. आणि मग मिसळणाचा डबा, लग्नात आईने दिलेला, पितळी, सात वाट्यांचा, त्यांनी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधला आणि विष्णुपंतांच्या हातात दिला.

"गाडीच्या डिकीत ठेवा. आणि किल्ली तुमच्यापाशी ठेवा. मी मागितली तरी देऊ नका."

"अगं, पण आपण काय खायचं?"

"भात आणि दही. मरत नाही त्याने."

बुधवारी पुन्हा तोच खाटिक. पुन्हा माय डक. त्याने विचारलं, "आवडलं वाटतं?" बाई म्हणाल्या, "शिकतेय."

शेगडी पुन्हा गॅरेजमध्येच लागली, पण आता गंमत बघा. सोमवारी गॅरेज कशासाठी, तर डुक्कर स्वयंपाकघराला लागू नये म्हणून. बुधवारी गॅरेज कशासाठी, तर स्वयंपाकघर डुकराला लागू नये म्हणून. बाईंना हे कळलं की नाही देव जाणे. कळलं असलं तरी बोलून दाखवायची त्यांची रीत नव्हती.

लार्ड विरघळलं. तुकडे चिमट्याने अलगद सोडले. संत्र्याची साल. मीठ अंदाजाने. आच मंद. झाकण. आणि मग करायला काहीच उरलं नाही. हे फार अवघड गेलं. इतकी वर्षं परतणं, ढवळणं, नैवेद्याआधी चाखू नये म्हणून वासावरून ओळखणं चालू होतं. इथे नुसतं बसायचं होतं. घडीच्या खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून, लॉन मोअरशेजारी. तीन तास. मधे एकदा विष्णुपंत डोकावून म्हणाले, "कुकर लावायचा ना, चार शिट्ट्या." त्यांच्याकडे बाईंनी असं पाहिलं की ते आल्या पावली गेले.

तीन तासांनी झाकण काढलं. चिमटा लावला तर तुकडा आपोआप सुटून आला. पण मीठ? मीठ बरोबर आहे की नाही हे कोण सांगणार? सियाला पहिलाच घास अळणी किंवा खारट गेला तर सगळं मुसळ केरात. उद्या गुरुवार. बाई भांड्यासमोर उभ्या राहिल्या. चिमट्यात तुकडा, आणि तोंड काही उघडेना. डोळ्यांत पाणी आलं, स्वतःच्याच रागाने.

"आण इकडे," विष्णुपंत मागून म्हणाले. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. "मीठ कमी आहे. चिमूटभर टाक. आणि आच वाढव, दहा मिनिटं. चरबीची कड पिवळट आहे अजून, ती तांबूस व्हायला हवी, मग कुरकुरते."

बाई चिमट्यासकट वळल्या.

"तुम्हाला हो कसं माहीत?"

विष्णुपंतांनी वर बघितलं, पण तिथे आरसा नव्हता. "डेपोच्या कॅफेत... पावात घातलेलं बेकन मिळायचं, बेकन कॉब."

"किती वर्षं?"

"डेपोत होतो तितकी."

"आणि मी रोज डब्यात थालीपीठ देत होते!"

"तेही खायचो गं. आधी तेच खायचो."

"तुमच्याकडे नंतर बघते," बाई म्हणाल्या, मीठ टाकलं आणि आच वाढवली. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना नवऱ्याचा राग आला नाही. हायसं वाटलं. चव सांगणारा एक तरी माणूस घरात निघाला.

कडा तांबूस होऊ लागल्या तसा तो वास वर गेला. दहाव्या मिनिटाला जिन्यावर पावलं वाजली. सिया दारात उभी होती, ड्रेसिंग गाऊनमध्ये, एक हात भिंतीला. पळाली नाही. आत आली, घडीच्या खुर्चीवर बसली आणि लहानपणी औषधाला उघडायची तसं तोंड उघडलं.

बाईंनी चिमट्याने एक तुकडा उचलला, फुंकर घातली, पुढे केला. सियाने मान मागे घेतली. चेहरा पांढरा.

"चिमटा नको, आई. मेटलचा वास येतो. हाताने दे ना."

विष्णुपंत म्हणाले, "थांब, मी देतो."

"तुम्ही व्हा बाजूला," वैजयंतीबाई म्हणाल्या.

तुकडा ताटलीत टाकून चिमटा त्यांनी लॉन मोअरवर ठेवला. ताटलीतला तुकडा बोटांनी उचलला. गरम होता, चटका बसला, आणि गिळगिळीत मुळीच नव्हता. मऊ होता, कडेला खरखरीत. त्यांनी त्याचे दोन केले आणि एक सियाच्या तोंडात घातला. सियाने चावला. गिळला. तिघेही थांबले. पाणी उकळायची वाट बघतात तसे.

"अजून," सिया म्हणाली.

एकेक करून सात घास गेले. आठव्याला ती आईच्या मनगटाला धरून तशीच, खुर्चीतच, आईच्या कुशीत डोकं टेकून झोपली. बाई उभ्याच राहिल्या. बोटांवर चरबी थिजून पांढरी झाली. विष्णुपंत साबण आणि गरम पाण्याचं भांडं घेऊन आले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "जागी होईल."

गुरुवारी काटा होता तिथेच राहिला. वर नाही, पण खालीही नाही. मिडवाइफ म्हणाली, घरीच राहा, चालू ठेवा जे चाललंय ते. मग पुढचे पाच महिने दर दोन-तीन दिवसांनी गॅरेजमध्ये ते निळं भांडं चढत राहिलं. सियाला हळूहळू टोस्ट चालू लागला, मग बटाटा, मग सफरचंद. पण फोडणीचं नाव काढलं की चेहरा पालटायचा, म्हणून आपट्यांच्या घरात पाच महिने मोहरी तडतडली नाही. बाई भात आणि दही खाऊन राहिल्या. मंडळाच्या वरदाताईंनी विचारलं, बारीक झालात, उपास धरलेत का? बाई म्हणाल्या, "हो." कसला ते सांगितलं नाही.

जुलैमध्ये सिया त्या वॉर्डमध्ये गेलीच. मुलगी झाली, तीन किलो वजनाची. वैजयंतीबाईंनी तिला हातात घेतलं आणि सगळ्यात आधी दोन्ही कान नीट बघितले, आधी डावा, मग उजवा. मग तोंड बघितलं.

संध्याकाळी त्या घरी येऊन टेकतात न टेकतात तोच फोन वाजला. सिया होती. आवाज थकलेला, पण तिचा स्वतःचा होता, कितीतरी महिन्यांनी.

"आई, इथे काहीतरी सँडविच देतायत. मला नको तो. मला तुझा आमटी पाहिजे. हॉट वाला. आणि वर ती तडतड करतेस ना, ती पण."

"फोडणी?"

"हां. जास्त घाल."

वैजयंतीबाईंनी फोन ठेवला. मग हॉलमध्ये येऊन विष्णुपंतांसमोर हात पसरला.

"गाडीची किल्ली द्या," त्या म्हणाल्या.